झरी जामणीची चौपाटी

मुकुटबनकडे गेलात तर रस्त्याच्या कडेचा एखादा करडा, चपटा गोटा उचलून घ्या. तिकडे त्यांना तोटा नाही. खिळ्यानं त्याला चांगला खरवडा, जरा पांढरी भुकटी निघू द्या आणि त्या भुकटीवर अर्धं लिंबू पिळा. आता डोळा जवळ न्या. मोहरीच्या दाण्याहून बारीक बुडबुडे वर येतील, फुटतील, पुन्हा येतील. कान लावला तर अगदी हलकं चरचरणंही ऐकू येतं. मी हा उद्योग एका चहाच्या टपरीवर केला. टपरीवाल्या भाऊंनी आधी लिंबाचे पैसे मागून घेतले आणि मग चहा उतू जाईपर्यंत तेच वाकून बघत राहिले.

सोड्याच्या बाटलीत असतो तोच हा वायू. फरक फक्त वयाचा. बाटलीतला फार तर गेल्या महिन्यात भरलेला. हा मात्र सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी चुन्याशी जोडला जाऊन दगड झाला होता, आणि आज तुमच्या लिंबानं त्याला त्या संसारातून मोकळं केलं. तो दगड झाला तेव्हा तिथं टपरी नव्हती, रस्ता नव्हता, झाड नव्हतं. समुद्र होता.

समुद्र आणि झरी जामणीत? यवतमाळ जिल्ह्याचं हे दक्षिण टोक. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद. पूर्वेचा समुद्र इथून सरळ रेषेत पाचशेक किलोमीटर, पश्चिमेचा सहाशेच्या वर. इथली पोरं शाळेच्या भूगोलात सागरी गुहा, सागरी कमान, वाळूचा दांडा यांच्या आकृत्या काढतात त्या चंद्राच्या आकृत्या काढाव्यात तशा. पाठ करायच्या, मार्क घ्यायचे आणि विसरायच्या. मीही तेच केलं. कोकणात पहिल्यांदा गेलो तोवर मिसरूड फुटलं होतं. आणि गंमत बघा, समुद्र कसा खणतो, कसा बांधतो हे समजलं तेव्हा लक्षात आलं की या धड्याची अर्धीअधिक सामग्री आमच्याच तालुक्यात पडलेली होती.

आधी तो जुना समुद्र बघू.

भूगर्भशास्त्रात इथल्या खडकांच्या थप्पीला नावच मुळी ‘पैनगंगा समूह’ असं आहे. आपल्या नदीचं नाव, आणि ते जगभरच्या शोधनिबंधांत छापलं जातं! थप्पी साधारण अशी: तळाला रेतीखडक, त्यावर चुनखडी, त्यावर चिखलाचा बनलेला पापुद्र्यापापुद्र्यांचा शेल. एवढ्या तीन थरांवरून समुद्राची चाल ओळखता येते. कशी?

त्यासाठी पावसाळ्यात एखाद्या शेतात चला. नाल्याचं पाणी धुरा फोडून आत घुसतं तिथं काय साचतं? गोटे, चुरी, जाडी रेती. शेताच्या मधोमध बारीक रेती. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, पाणी जिथं थांबून राहतं तिथं, लोण्यासारखा मऊ गाळ. पाणी कोणाला निवडायला बसवत नाही. त्याचा जोर जसा ओसरतो तसं ते हातातलं एकेक ओझं खाली ठेवतं; जड आधी, हलकं शेवटी. समुद्र हेच करतो, मोठ्या हातानं. काठाशी लाटांची घुसळण, म्हणून तिथं टिकते ती रेती. चिखल तिथं ठरूच शकत नाही, तो आत खोल, शांत पाण्यात जाऊन बसतो.

आता तळाला काठाची रेती आणि वर खोल पाण्याचा चिखल असेल तर त्याचा अर्थ काय? समुद्र आत सरकत आला. ज्या जागी किनारा होता ती जागा बुडाली, किनारा आणखी पुढं गेला, आणि जुन्या किनाऱ्याच्या रेतीवर खोल पाण्याचे थर बसले. जे कोकणात पुळणीवरून होडीत बसून आडवं आडवं बघत जायचं, ते इथं उभं रचून ठेवलंय. योहानेस वाल्टर या जर्मन भूवैज्ञानिकानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा नियम मांडला. मला तो अजून जादूसारखा वाटतो. खाली पाय, वर डोकं, आणि मधल्या दगडात एक अख्खा समुद्र चालून गेलेला.

मधल्या चुनखडीचं नवल वेगळंच. आजच्या समुद्रात चुना म्हटला की शंखशिंपले आणि पोवळी. पण शंभर कोटी वर्षांपूर्वी शंख कुठले? कवचाचा एकही प्राणी जन्मलेला नव्हता. मासा नव्हता. जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. डोंगर उघडेबोडके, आभाळ रिकामं. चंद्र आजच्याहून जवळ होता आणि पृथ्वी स्वतःभोवती जास्त वेगानं फिरत होती. दिवस चोवीस तासांपेक्षा बराच लहान, म्हणजे भरती-ओहोटीची फेरीही लवकर लवकर. त्या लगबगीच्या समुद्रात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव तेवढे होते. मग हा एवढा चुना आणला कोणी?

तुमच्या घरच्या पातेल्यात उत्तर आहे. बोअरचं पाणी रोज उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो, घासून घासून निघत नाही तो. पाण्यात विरघळलेला चुना कार्बन डायऑक्साइडच्या आधारानं टिकून असतो. पाणी तापलं, वायू उडून गेला, की चुना उघडा पडतो आणि खाली बसतो. त्या समुद्रात चूल नव्हती, पण उथळ पाण्याला ऊन होतं आणि सूक्ष्मजीव आपल्या पोटासाठी तोच वायू पाण्यातून ओढून घेत होते. चुना पिठासारखा झरझर नव्हे, अगदी सावकाश तळाशी उतरत राहिला. लाखो वर्षं. त्याचं झालेलं हे पीठ आज इतकं जाड आहे की मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा राहिला. आणि चुनखडीच्या पट्ट्यात तुमची बोअर असेल, तर पातेल्याचा तो थर म्हणजे त्याच समुद्राचा चुना. दगडातून विरघळून पुन्हा पाण्यात आला, पाण्यातून पुन्हा थर झाला. तारेच्या घासणीनं कोणी समुद्राचा तळ घासत असेल तर ती आमच्याकडची माउली.

पुढचं पान उलटायला नव्वद कोटी वर्षांहून जास्त वेळ जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून लाव्हा आला. ज्वालामुखीचा शंकूबिंकू नाही, जमिनीला लांबच लांब चिरा पडल्या आणि त्यातून थरावर थर वाहत राहिले. दख्खनचा काळा दगड तो हाच. झरी जामणी त्याच्या पूर्व काठाच्या आसपास येते, म्हणून इथं एकाच तालुक्यात समुद्राची चुनखडी आणि लाव्हाचा बेसॉल्ट दोन्ही भेटतात.

२०२१ साली याच तालुक्यात शिबला-पारडीजवळ रस्त्याच्या कामात दगडी खांब उघडे पडले. कोणी घडवून, रचून ठेवावेत असे कोनदार, एकाला एक खेटून. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते स्तंभाकार बेसॉल्ट असल्याचं सांगितलं आणि बातम्या झाल्या. पण या खांबांचा कारागीर कोण? मे महिन्यात काळ्या रानात उभे राहा आणि पायाखाली बघा. माती वाळते, आकसते, भेगा पडतात, आणि भेगांची नक्षी पाच-सहा कोनांच्या फरशीसारखी दिसते. आकसणाऱ्या वस्तूला कमीत कमी फाटून मोकळं व्हायचं असेल तर तिला हीच नक्षी सोयीची पडते. लाव्हा निवताना असाच आकसला. फक्त भेग वरून सुरू झाली ती थंडीच्या मागोमाग आत आत उतरत गेली आणि फरशीचा खांब झाला.

ही भेग लक्षात ठेवा. समुद्राला ती फार आवडते.

शिबल्याच्या दगडाचं सख्खं भावंड पाहायचं तर दख्खनच्या दुसऱ्या टोकाला, रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरला जावं लागतं. देवळामागून प्रदक्षिणेची वाट निघते, दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि एकदम समोर समुद्र. ओहोटी असेल तर पायाखाली दगडाचा सपाट ओटा पसरलेला असतो. भरती असेल तर वाट बंद. तो ओटा कोणी घडवला, हे विचारायची गरज तिथं उभं राहिल्यावर उरत नाही. कानावरच आदळतं.

पण लाट नक्की काय आणून आपटते? पाणी, असं आपण म्हणतो. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा जातो तेव्हा एक लहर या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पळत जाते. कणीस एकही जागचं हललेलं नसतं. वाकलं आणि उभं राहिलं, बस. भर समुद्रातली लाट तशीच. पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढं जाते ती फक्त ताकद, कुठल्या तरी दूरच्या वाऱ्यानं दिलेली. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की लाटेचा पाय तळाला अडखळतो, डोकं मात्र तसंच पुढं. ठेच लागलेला माणूस पडतो तशी ती पडते. हजार किलोमीटर जपून आणलेली ताकद एका क्षणात सांडते, ती दगडावर.

त्यातही समुद्र एक लबाडी करतो. लेझीमची लांब रांग मैदानातून चालली आहे आणि मधल्या पाच जणांच्या पायाखाली चिखल आला, तर काय होईल? मधले मागं पडतील, कडेचे पुढं जातील, रांग वाकेल. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेसमोर पाणी आधी उथळ होतं, लाट तिथं मंदावते आणि तिची दोन्ही टोकं सोंडेभोवती वळतात. म्हणजे जो पुढं घुसला त्याला समोरून मार आणि दोन्ही बगलांतूनही मार. शेजारच्या आखातात मात्र तीच लाट पांगून, दमून, पायाला गुदगुल्या करत येते. एकाच लाटेनं एकीकडे कडा फोडायचा आणि किलोमीटरभरावर लहान मुलांना वाळूत किल्ला करू द्यायचा!

आता ती भेग. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दट्ट्या दाबा. बोट उडवायला हवा धडपडते. लाट कड्यावर आली की भेगेतली हवा तशीच कोंडली जाते, दाबली जाते, आणि लाट मागं फिरताच सुटते. एकदा दाब, एकदा सुट. दर पाच-दहा सेकंदांनी, वर्षानुवर्षं. भेग रुंदावते, चिरा निखळतो, निखळलेला चिरा पुढच्या लाटेच्या हातात हातोडा म्हणून येतो. भेगेची कपार होते, कपारीची गुहा. सोंडेच्या दोन बाजूंच्या गुहा पाठीला पाठ लागून एकमेकींत फुटल्या की कमान. कमानीचं छत कोसळलं की समुद्रात एकटा उरलेला स्तंभ. शाळेतल्या त्या चार आकृत्या चार वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. एकाच गोष्टीचे चार दिवस होते. हे आम्हाला कोणी सांगितलं असतं तर पाठ करावं लागलं नसतं.

हरिहरेश्वरच्या कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं आहेत, तिथं बोट घालून बघितल्याशिवाय परतू नका. ते लाटेचं काम नाही, मिठाचं आहे. तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, ऊन पडतं, पाणी उडतं, मिठाचे खडे वाढतात आणि दगडाचा कण बाहेर ढकलतात. घराच्या भिंतीला लोणा लागतो ना, पोपडे सुटतात? तोच. बेसॉल्टला लोणा!

फुटलेल्या दगडाचं पुढं काय होतं ते कोकणात दिसतंच. गुहागरची पुळण, तारकर्लीची पुळण, आणि देवबागला एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र असा मधोमध वाळूचा चिंचोळा दांडा, त्यावर माड आणि माणसांची घरं. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग भरात होतं तेव्हा समुद्र आजच्याहून सव्वाशेक मीटर खाली होता. आजच्या पातळीला तो टेकला त्याला फार तर सहा-सात हजार वर्षं झाली. म्हणजे कडा साडेसहा कोटींचा आणि पायथ्याची पुळण शेतीपेक्षाही कमी वयाची.

पण मला कोकणात रेंगाळायचं नाही. कारण झरी जामणीचं पाणी तिकडे जातच नाही.

आमचा नाला पैनगंगेला मिळतो. पैनगंगा वढा-जुगादजवळ वर्धेत शिरते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला, आणि गोदावरी पापिकोंडालूच्या घळीतून पूर्व घाट ओलांडून राजमहेंद्रीला सपाटीवर येते. राजमहेंद्रीजवळ काय सापडतं माहीत आहे? दख्खनचाच लाव्हा. मुख्य पठारापासून शेकडो किलोमीटर तुटलेला एक तुकडा. अभ्यासकांचा तर्क असा की लाव्हा तेव्हाच्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत थेट पूर्व समुद्रापर्यंत गेला. आमचा दगड एकदा वितळलेला असताना त्या वाटेनं गेला होता. आता तो माती होऊन त्याच बाजूला निघालाय.

आणि ही माती समुद्रात पडते तेव्हा विरून का जात नाही? पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात आजी तुरटी फिरवायची, आठवतं? घटकाभरात गाळ खाली. मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना दूर ढकलत असतात, म्हणून तरंगत राहतात. तुरटी त्यांचं हे वैर मिटवते, ते एकमेकांना चिकटतात, जड होतात, बसतात. समुद्राचं मीठ हेच करतं. नदीच्या मुखाशी निसर्गानं तुरटीचा अख्खा डोंगर विरघळवून ठेवल्यासारखं आहे. शेकडो मैल वाहून आलेला गाळ खारट पाणी लागताच बसायला लागतो, आणि समुद्रात जमीन पुढं सरकते. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश, तिथली भातशेती, नारळाच्या बागा, सगळं त्या बसलेल्या गाळावर. त्यात मध्य भारतातली बरीच काळी माती आहे.

चिखलाचं झालं, रेतीचं काय? तिला लाटा उत्तरेकडे घेऊन जातात, आणि त्यांची तऱ्हा बघण्यासारखी आहे. लाट किनाऱ्यावर तिरकी चढते; परतताना मात्र उताराला धरून सरळ खाली. रेतीचा दाणा तिरका वर, सरळ खाली, तिरका वर, सरळ खाली. प्रत्येक खेपेला इंचभर पुढं. किनारा जिथं आत वळतो तिथंही दाण्यांची ही वरात वळत नाही, सरळ समुद्रात घुसते आणि मागून येणारे त्यांच्यावर रचले जातात. काकीनाड्यासमोर असा वाळूचा दांडा गेल्या साधारण दोनशे वर्षांत सोळाएक किलोमीटर वाढलाय. टोकाला होप आयलंड. बंदराला लाटांपासून आडोसा देणारी ही भिंत कोणत्याही इंजिनिअरनं बांधलेली नाही. दोनशे वर्षं म्हणजे किती? आमच्याकडच्या कित्येक वाड्यांच्या पडक्या भिंती याहून जुन्या असतील.

बंगालच्या उपसागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या एका उभ्या नमुन्यावर २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोदावरीनं गेल्या काही हजार वर्षांत काय काय आणून टाकलं त्याची ती थरांची वही. त्यात निघालं ते उलटंच. पाऊस कमी झाला तेव्हा नदीनं गाळ कमी आणायला हवा होता ना? आणला जास्त! कोरड पडली, गवत-झाडी विरळ झाली, आणि मग जो पाऊस यायचा तो उघड्या जमिनीला ओरबाडून न्यायचा. पुढं दख्खनवर शेती पसरली तशी ही धूप आणखी वाढली आणि समुद्रातला गाळाचा भराव भराभर पुढं गेला. शास्त्रज्ञांना तळातून नमुना काढावा लागला. आमच्याकडे मृगाच्या पहिल्या दणक्यानंतर धुऱ्यावर उभ्या असलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं, फक्त वाहून गेलेली माती कुठं जाऊन उभी राहते ते माहीत नसतं.

आता वाटेत धरणं आहेत, बंधारे आहेत, गाळ तिथंच थबकतो. समुद्राला खुराक कमी पडला की तो बांधलेलं परत मागतो. काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा गावाचा किनारा कितीतरी वर्षं खचतोय. तिथले लोक दगड टाकतात, समुद्र दगडही पोटात घालतो.

परवा जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन मी नाल्यावर गेलो होतो. पोरंटोरं करतात तसा. सुतळीला बांधून रेतीतून ओढलं आणि बाहेर काढलं तर चुंबकाला काळी दाढी फुटलेली. ती काळ्या दगडातल्या मॅग्नेटाइटची. दगड कुजून माती होतो, हे दाणे कुजत नाहीत. गोदावरीच्या मुखाजवळच्या पुळणींवरही लोहयुक्त काळ्या रेतीचे पट्टे आहेत. दाढीतला एक दाणा बोटावर घेऊन उन्हात धरला. खसखशीएवढासुद्धा नाही, पण कडा अजून धारदार, लांबचा प्रवास न झालेल्या. तेवढ्यात वरच्या अंगाला पाऊस झाला असावा, नाल्याचं पाणी चहाच्या रंगाचं होऊन चढायला लागलं. मी पुलावर आलो, सुतळी खाली सोडली आणि चुंबक पाण्यात खळखळून धुतलं. काळे दाणे एकदा चमकले आणि गेले. पुढचा मुक्काम जुगाद.